फौजेच्या सायबर सज्जतेला हातभार: विदर्भातल्या छोट्या सल्लागार गटांनी काम कसं उभारावं

पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार, भद्रावतीची चांदा आयुध निर्माणी, जवाहरनगरची भंडारा आयुध निर्माणी, नागपूरची अंबाझरी आयुध निर्माणी, कामठीची छावणी, वायुसेनानगरातलं मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. संरक्षणाशी जोडलेली ही सगळी ठिकाणं विदर्भाच्या चार जिल्ह्यांत आहेत. अशा ठिकाणांना पुर्जे, पेट्या, पॅकिंग, वाहतूक आणि संगणकाची देखभाल पुरवणारे लहान उद्योजक लागतात. लष्कराची सायबर ताकद म्हटलं की दिल्लीतली बंद खोली आणि भिंतभर पडदे डोळ्यांपुढे येतात. हल्लेखोराला मात्र त्या खोलीपर्यंत जायची गरज पडत नाही. तालुक्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपच्या संगणकात पुर्जाचं ड्रॉइंग असतं, माल कधी पोचवायचा त्याचं वेळापत्रक असतं, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो.

हा लेख तीन प्रकारच्या माणसांसाठी आहे: लष्कराची संपर्कयंत्रणा सांभाळणाऱ्या सिग्नल कोअरमधून निवृत्त होऊन गावी परतलेले फौजी, जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि पॉलिटेक्निकात शिकवणारे, आणि नेटवर्क-दुरुस्तीचा छोटा व्यवसाय चालवणारी तरुण मंडळी. फौजेच्या आणि तिच्या पुरवठादारांच्या सायबर सज्जतेसाठी सल्लासेवा द्यायची असेल तर सुरुवात कुठून करावी, हे पायरीपायरीने सांगतो. या कामात मी सगळ्यात जास्त वजन देतो ते एका गोष्टीला: तुम्ही निघून गेल्यावर तिथली माणसं स्वतः काय करू शकतात. बाकी सगळ्या पायऱ्या तिकडेच जातात.

पायरी १: फौजेची रचना समजून घ्या

ज्यांना सल्ला द्यायचा त्यांचं घर कसं लागलेलं आहे ते माहीत नसेल, तर पहिल्याच बैठकीत वजन जातं. तिन्ही दलांच्या सामाईक संरक्षण सायबर एजन्सीला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये रिअर अॅडमिरल मोहित गुप्ता तिचे पहिले प्रमुख झाले. ती एकात्मिक संरक्षण स्टाफच्या अखत्यारीत चालते. २०२३ मध्ये लष्कराने कमांड पातळीवर सायबर ऑपरेशन आणि सपोर्ट विंग उभारायचा निर्णय घेतला. जून २०२४ मध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सायबर कारवायांचा संयुक्त सिद्धांत, म्हणजे तिन्ही दलांनी त्या कशा चालवायच्या याची तत्त्वं, जारी केला, आणि पुढच्या वर्षी त्याची खुली आवृत्तीही आली. ती आधी वाचा. प्रशिक्षणाचं जुनं घर म्हणजे महूचं मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग. नागरी बाजूला घटना नोंदवायची ती सर्ट-इनकडे, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे.

बाहेरचे दोन अनुभव मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. २००८ मध्ये मध्यपूर्वेतल्या अमेरिकी तळावर एका पेनड्राइव्हमधून शिरलेला किडा त्यांच्या लष्करी संगणकजाळ्यांत पसरला. तो साफ करायला वर्षाहून जास्त काळ लागला, आणि सायबर कमांड स्थापन होण्यामागे ती घटना मोठं कारण ठरली. पुढे त्या कमांडची १३३ पथकं ठरली, त्यातली ६८ निव्वळ बचावाची. म्हणजे जगातल्या सगळ्यात बलाढ्य सायबर दलानेसुद्धा अर्ध्याहून जास्त पथकं राखणीला लावली. दुसरा अनुभव एस्टोनियाचा. २००७ मध्ये त्या चिमुकल्या देशाच्या बँका, वृत्तपत्रं आणि सरकारी संकेतस्थळं हल्ल्यांनी ठप्प झाली. त्यानंतर त्यांनी तिथल्या स्वयंसेवी संरक्षण दलात सायबर तुकडी उभी केली. दिवसा आपापली नोकरी करणारे तंत्रज्ञ तिच्यात असतात. आपल्या जिल्ह्यांतली माणसं या कामाला उपयोगी पडू शकतात, हे मला त्या उदाहरणाने पटलं.

पायरी २: कुठे थांबायचं ते आधी लिहून काढा

हल्ला करणं हे खाजगी सल्लागाराचं काम नाही. तो अधिकार राज्यसंस्थेचा. शत्रूच्या सर्व्हरमध्ये घुसून दाखवतो म्हणणारा मुलगा कितीही हुशार असला तरी त्याला गटात घेऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय कोणाच्याही संगणकात शिरलं तर भरपाई द्यावी लागते, आणि ते लबाडीने केलं तर कलम ६६ खाली गुन्हा ठरतो. सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणेत कोणी शिरलं तर कलम ७० खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यावर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहेच.

म्हणून लेखी परवानगीशिवाय एकही केबल लावायची नाही. परवानगीपत्रात कोणती यंत्रं, कोणत्या तारखा, कोणत्या वेळा, कोणत्या चाचण्या आणि थांबवण्यासाठी कोणाला फोन, हे सगळं हवं. "साहेबांनी हो म्हटलं" ही परवानगी नव्हे. साहेबांची बदली होते, कागद राहतो.

गटातल्या प्रत्येकाची पोलिस पडताळणी करून घ्या. तुम्ही कोणत्या ठिकाणी काम करता हे समाजमाध्यमांवर टाकायचं नाही, घरच्या व्हॉट्सअॅप गटावरसुद्धा नाही. आत जाताना फोन बाहेर ठेवायचा. आपल्याकडे गावात कोण कुठे कामाला आहे हे चहाच्या टपरीवर सहज विचारलं जातं आणि सहज सांगितलंही जातं. त्या सवयीवर गटात उघडपणे बोला.

पायरी ३: माणसं निवडा

चार-पाच जण पुरतात. एक माजी सिग्नलवाला हवाच. युनिटमधल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलणं, अहवाल कोणामार्फत कुठे जातो हे ओळखणं आणि वेळ पाळणं तो बरोबर घेऊन येतो. एक जण लिनक्स आणि नेटवर्कमध्ये पक्का हवा, एक शिकवणारा हवा, आणि एक स्वच्छ लिहिणारा. या शेवटच्या माणसाला लोक कमी लेखतात. सल्लासेवेतून मागे उरतो तो कागद, आणि रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला संकटात तोच वाचायचा असतो. तो मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात, एका पानात हवा. पाचवा माणूस कारखान्यातली पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आणि मोटारी ओळखणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

संगणकशास्त्र शिकून लग्नानंतर किंवा घरच्या जबाबदारीमुळे तालुक्याच्या गावी राहिलेल्या मुलींकडे मुद्दाम बघा. लॉग, म्हणजे यंत्रांत आपोआप होणाऱ्या नोंदी, वाचण्याचं काम चिकाटीचं असतं आणि बरचसं सरावाच्या प्रयोगशाळेत बसून शिकता येतं. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांची सेवा करून परतणाऱ्या तरुणांनाही आजच हेरून ठेवा.

पायरी ४: सुरुवात पुरवठादारापासून

संरक्षण दलाचं थेट काम पहिल्या वर्षी मिळेल ही आशा धरू नका. आसपासच्या पुरवठादाराच्या दारात जा. तिथे ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं: "आमच्या वर्कशॉपात हॅक कराले कोण येईन भाऊ? लोखंडच तं आहे इथं!" त्यावर वाद घालू नका, जून २०१७ मधली गोष्ट सांगा. युक्रेनमध्ये हिशेबाचं एक साधं सॉफ्टवेअर वापरात होतं. त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम सोडला गेला. तो मर्स्क या जहाज कंपनीपर्यंत पोचला, आणि आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं. मालकाला हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हटलं की लगेच लक्षात येतं, कारण ते त्याच्याही टेबलावर असतं.

मग पाहणी. जाळं तपासणारं कोणतंही सॉफ्टवेअर न लावता वही-पेन घेऊन आवारात फिरा. प्रत्येक संगणक, राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, प्रिंटर, सीएनसी मशीनला जोडलेला जुना पीसी, सगळं नोंदवा. प्रत्येकासमोर लिहा: कोण वापरतो, पासवर्ड कोणाला माहीत आहे, इंटरनेट आहे का, शेवटचं अपडेट कधी. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. तरी मशीनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही म्हणून जुनंच ठेवलेलं सापडेल. त्याला बदला म्हणून मोकळं होऊ नका, मालकाकडे तेवढे पैसे नसतात. तो पीसी इंटरनेटपासून तोडा, त्याच्यासाठी वेगळा नेटवर्क स्विच द्या, आणि पेनड्राइव्ह लावण्याआधी तपासायची एक वेगळी मशीन ठरवा.

यानंतर ड्रॉइंगचा माग काढा. ते मेलने आलं, कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवलं, कारागिराने फोनमध्ये ठेवलं, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली. हा प्रवास कागदावर रेषांनी काढून मालकाला दाखवा. माझ्या मते पाहणीतलं हे सगळ्यात मोलाचं पान. ते बघितल्यावर मालक स्वतःच दोन-तीन वाटा बंद करतो.

पायरी ५: लॉग आणि घड्याळ

गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की बाहेरून बोंड शाबूत दिसतं, म्हणून आपण शेतात कामगंध सापळे लावून पतंग मोजतो. जाळ्यात शिरून गप्प बसलेल्या घुसखोराचंही तसंच आहे, आणि तिथले सापळे म्हणजे लॉग. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात, यंत्रांची घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवायची असतात, आणि ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. हे निर्देश लहान कंपनीलाही लागू आहेत, आणि बहुतेकांना ते माहीत नसतात.

घड्याळाकडे दुर्लक्ष करू नका. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी जुन्या पीसीची आतली बॅटरी मेलेली असते, आणि वीज परत आली की तारीख भलत्याच वर्षात जाते. मग कोणत्या मशीनवर आधी काय घडलं याचा मेळ लागत नाही. थोड्या पैशांची ती बॅटरी बदलणं हे पहिल्या आठवड्यातलं काम. लॉग एका ठिकाणी गोळा करायला वाझूह आणि जाळ्यावर नजर ठेवायला सुरिकाटा, ही दोन्ही मोफत आहेत.

पायरी ६: युनिटची क्षमता मोजताना

लष्करी युनिटचं किंवा मोठ्या कारखान्याचं काम मिळालं की वर्कशॉपची पद्धत अपुरी पडते. तिथे अमेरिकी फौजेत वापरली जाणारी सात अंगांची चौकट उपयोगी पडते: सिद्धांत, संघटना, प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्व, मनुष्यबळ, सुविधा. प्रत्येक अंगाखाली आज काय आहे, काय हवं, आणि मधली दरी कोण भरणार, एवढं लिहा. बहुतेक ठिकाणी साधनसामग्रीचा रकाना भरलेला आणि संघटनेचा रिकामा दिसेल. महागडी फायरवॉल असते, पण रविवारी रात्री तिचा इशारा कोण बघणार याचं उत्तर कोणाकडे नसतं.

नेतृत्वाबद्दल एक प्रश्न नक्की विचारा: जाळं तोडायचा अधिकार कोणाला आहे? हल्ला चालू असताना वरिष्ठांची परवानगी मागण्यात तास जातो. कोणत्या परिस्थितीत ड्युटीवरचा सुभेदार स्वतःहून केबल काढू शकतो हे आधीच लेखी ठरलेलं असावं, आणि तसं केल्याबद्दल त्याला नंतर बोलणी बसणार नाहीत हेही.

पायरी ७: सरावाची प्रयोगशाळा

सायबर रेंज म्हणजे खोटं जाळं, जिथे हल्ला करून बघता येतो आणि कोणाचं नुकसान होत नाही. तिला वेगवान इंटरनेट लागतच नाही. किंबहुना तिथे इंटरनेटची केबल नसणंच योग्य. म्हणून ती पुसद, वरोरा, आर्वीसारख्या तालुक्याच्या गावातही उभी राहू शकते. कॉलेजचे जुने डेस्कटॉप, एक-दोन स्विच आणि भरपूर रॅमचा एक जरा दमदार संगणक एवढ्यावर सुरुवात होते. दमदार संगणकावर प्रॉक्समॉक्स (एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात तीन जाळी करा: कार्यालय, कारखाना आणि हल्लेखोर. कारखान्यासाठी ओपनपीएलसी, हल्ल्याची नक्कल करायला कॅल्डेरा, आणि हल्लेखोरांच्या पद्धतींची यादी म्हणून माइटर अटॅक. हे सगळं मोफत मिळतं.

खर्च करायचा तो इन्व्हर्टर, थंडावा आणि धुळीवर. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत सर्व्हर ठेवला तर तो दुपारी बंद पडणारच. जाड भिंतीची जुनी खोली निवडा, सरावाची वेळ सकाळी सातची ठेवा.

पायरी ८: सराव, जिथे खरं काम होतं

इथे वेळ काढा. संगणकावरच्या सरावाआधी टेबलाभोवतीचा सराव घ्या: मालक किंवा अधिकारी, हिशेबनीस, स्टोअरकीपर, सुरक्षारक्षक, संगणक बघणारा, सगळे एका खोलीत. तुम्ही घटना चिठ्ठीवर देता, ते काय करतील ते सांगतात. कथानक काल्पनिक ठेवा, पण तपशील अस्सल. मी वापरतो तो एक नमुना देतो.

साडेनऊ: हिशेबनीसाला "सुधारित निविदा" असा मेल आला, जोडलेली फाइल त्याने उघडली. दहा: स्टोअरच्या संगणकावरच्या फाइली उघडेनात. सव्वादहा: खरेदीदार कार्यालयातून फोन, "तुमचं बँक खातं बदलल्याचं पत्र आलंय, खरं आहे का?" पावणेअकरा: मालकाचा भाचा म्हणतो, "मी फॉरमॅट मारून देतो, अर्ध्या तासाचं काम." अकरा: वीज गेली. सव्वाअकरा: स्थानिक वार्ताहराचा फोन. बारा: बॅकअपची डिस्क सापडली, पण तिच्यावर तीन महिन्यांपूर्वीचा डेटा आहे.

प्रत्येक चिठ्ठीमागे एक कसोटी आहे. पहिलीत हिशेबनीस "मी उघडली" हे लगेच सांगतो का ते बघा. ओरडा खायच्या भीतीने माणूस गप्प बसला तर सगळ्यात मोलाचा तास तिथेच जातो, म्हणून मालकाने सर्वांसमोर "सांगणाऱ्याला बोलणार नाही" असं म्हणणं हा सरावाचा भाग करा. तिसऱ्या चिठ्ठीला खरेदीदाराला आधीच्या ओळखीच्या नंबरवर उलट फोन झाला पाहिजे. पैसे गेलेच असतील तर १९३० या हेल्पलाइनला लगेच कळवायचं, हेही इथेच पाठ होतं. भाच्याच्या चिठ्ठीला बहुतेक खोल्यांत सुटकेचा निःश्वास पडतो, आणि नेमकं तिथेच थांबवायचं: फॉरमॅट मारला की पुरावा गेला, आणि घुसखोर कुठून आला हे कधीच कळणार नाही. यंत्र चालू ठेवा, जाळ्यातून काढा, पडद्याचा फोटो घ्या, वेळ लिहा. वीज जाण्याच्या चिठ्ठीने कळतं की संपर्काचे नंबर फक्त संगणकात होते की भिंतीवरही होते. वार्ताहराच्या चिठ्ठीला कोण बोलणार आणि काय बोलणार नाही ते ठरतं.

निरीक्षकाच्या कागदावर चारच रकाने ठेवा: वेळ, काय कळलं, निर्णय कोणी घेतला, कुठे नोंदवला. गुण देऊ नका. सराव संपल्यावर त्याच दिवशी, जेवणाच्या आधी, तो कागद सर्वांसमोर वाचा आणि प्रत्येक अडचणीपुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहून घ्या. आठवड्याने पाठवलेला छापील अहवाल कोणी उघडत नाही.

लष्करी युनिटसाठी यात एक भर घाला: संपर्कच तुटला तर? २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर स्वारी सुरू होत असतानाच व्हायासॅटच्या उपग्रह मोडेमवर हल्ला झाला, आणि त्याच फटक्यात जर्मनीतल्या हजारो पवनचक्क्यांची दूरून देखरेख बंद पडली. म्हणून सरावाचा एक टप्पा संगणक पूर्ण बंद ठेवून, रजिस्टर, धावता माणूस आणि रेडिओवर चालवा. आपल्याकडच्या जुन्या हवालदारांना हे उत्तम येतं. त्यांना शिकवायला बसवा आणि तुम्ही मागे बसा.

पायरी ९: नोंदणी आणि पैसा

लघुउद्योगांची उद्यम नोंदणी आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरची नोंदणी आधी करून टाका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना सरकारी निविदांत बयाणा रकमेची सूट असते, आणि २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे बिल ४५ दिवसांच्या आत मिळायला हवं. करार टप्प्यांत बांधा: पाहणी, प्रशिक्षण, सराव, फेरतपासणी, आणि प्रत्येक टप्प्याचं बिल वेगळं. सरकारी ऑडिटसाठी सर्ट-इनच्या यादीतली संस्था लागते. यादीत नसताना तसं भासवू नका. अशा संस्थेचे स्थानिक भागीदार म्हणून काम करणं हा चांगला मार्ग आहे. स्वतःचं उत्पादन सुचलं तर संरक्षण मंत्रालयाच्या, २०१८ पासून चालणाऱ्या आयडेक्स योजनेकडे जा. तिच्यात नवउद्यमांना दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदानाची सोय आहे.

एखाद्या कंपनीच्या फायरवॉलचं कमिशन घेऊन तीच फायरवॉल सुचवू नका. तालुक्यात ही गोष्ट लपत नाही, आणि एकदा कळलं की तुमच्या पुढच्या सगळ्या सल्ल्यांवर शंका बसते.

पायरी १०: काम सोपवून निघा

करारातच लिहा की शेवटचा सराव त्यांचा माणूस घेईल आणि तुम्ही निरीक्षक असाल. त्यासाठी पहिल्या महिन्यापासून दोन माणसं हेरून तुमच्या शेजारी बसवा. दोन यासाठी की फौजेत बदली होते आणि कारखान्यात नोकरी सुटते. सगळे पासवर्ड, नकाशे आणि नोंदवह्या सही घेऊन परत करा. तुमच्या लॅपटॉपवरच्या प्रती त्यांच्यासमोर पुसा आणि तसं लिहून द्या.

सहा महिन्यांनी, आगाऊ फक्त प्रमुखाला कळवून, फेरतपासणीला जा. एक फाइल निवडा आणि ती बॅकअपमधून परत आणायला सांगा, घड्याळ लावा. ड्युटीवरच्या माणसाला विचारा की संशयास्पद मेल आला तर पहिला फोन कोणाला. जुना चार रकान्यांचा कागद काढून नवा त्याच्याशेजारी ठेवा. निर्णयाच्या रकान्यात पुन्हा तेच एकच नाव दिसलं, तर त्या माणसाला पुढच्या सरावाच्या दिवशी सुट्टी द्या आणि सराव त्याच्याशिवाय घ्या.